साडेनऊ मिनिटांत एकशे त्रेचाळीस लिफ्ट

१

बुधवारी दुपारी बारा वाजून चौदा मिनिटांनी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बंद लिफ्ट धडाधड दुरुस्त व्हायला लागल्या. दर चार सेकंदांना एक. साडेनऊ मिनिटांत मोजून एकशे त्रेचाळीस लिफ्ट दुरुस्त झाल्या, आणि एकाही मेकॅनिकनं पाना हातात घेतलेला नव्हता.

मी थापा मारतो असं आमच्या घोडबंदर रोडवर कुणीही सांगेल, आणि ते लोक खोटं बोलत नाहीत. पण या वेळी पुरावा आहे. माझ्या मोबाइलवर मेसेज आला: ‘आपली लिफ्ट दुरुस्त झाली आहे. सहकार्याबद्दल आभार.’ मी राहतो चौदाव्या मजल्यावर, लिफ्ट नऊ दिवस बंद. धावत बाहेर आलो तर शेजारच्या विमलाबाई जरीची साडी नेसून, अत्तर लावून बटण दाबत उभ्या.

“नाना, नऊ दिवसांनी खाली चाललेय हो!”

लिफ्ट आली नाही. बटणातला दिवासुद्धा लागला नाही. विमलाबाईंनी मग लिफ्टच्या दाराला जे सुनावलं, ते ऐकून आतलं ग्रीस वितळलं असेल.

जेवण उरकून मी जिन्यानं तेरा मजले उतरलो. कारण तो मेसेज कुठून आला हे मला ठाऊक होतं. पहिल्या मजल्यावर धनेशचं ऑफिस आहे. म्हणजे एक फ्लॅट, एक टेबल आणि एक चहाचं मशीन. चहा त्याचा, गप्पा माझ्या, असा आमचा रोजचा करार. इथलाच मुलगा. आज्याची शेतं होती तिथे आता टॉवर आहेत, आणि त्यातल्याच एका टॉवरमध्ये बसून त्यानं ‘फळा’ काढलाय. घरून काम करणाऱ्या लोकांसाठी इंटरनेटवरचा कामांचा फळा. प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड. रकाने तीन: बाकी, चालू, झालं. कार्ड ‘झालं’मध्ये सरकलं की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जातो. राजरत्न नावाच्या गृहस्थांची लिफ्टदुरुस्तीची कंपनी तीन आठवड्यांपासून हा फळा वापरून बघत होती. आवडला तर कायमचा घेणार, आणि धनेशची वर्षाची चिंता मिटणार.

आत गेलो तर धनेश कपाळ धरून बसलेला.

“नाना, कुणीतरी सगळी कार्डं ‘झालं’मध्ये ढकललीयेत! राजरत्न सर पेटलेत. पाच वाजेपर्यंत कुणी केलं ते सांग, नाहीतर फळा पुसून टाक म्हणतात.”

“मग शोधू की.”

“शोधायचं काय त्यात? चोर सापडलाय.” त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. एकशे त्रेचाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नाव. सुमेधा.

“पाच वाजता तिला काढतोय,” तो म्हणाला.

घड्याळात दीड वाजला होता.

२

सुमेधा मला माहीत होती. डोंबिवलीला राहते, घरूनच काम करते, लिफ्टवाल्यांचा फळा तीच सांभाळते. नवरा बोटीवर, घरात सासू आणि सहा वर्षांची संचिता. घर तिच्या पगारावर चालतं. असं माणूस भरल्या ताटाला लाथ मारेल?

“ती काय म्हणते?”

“म्हणते मी घरीच नव्हते. बारा तेराला मुलीला आणायला शाळेत गेले, बारा चाळीसला आले.”

“मग सुटली की!”

“कसली सुटली, नाना! हे बघा.” त्यानं तिच्या नावापाशी बोट ठेवलं. नावाशेजारी हिरवा ठिपका. “माणूस कॉम्प्युटरवर, मोबाइलवर काहीतरी दाबत, हलवत असला तर ठिपका हिरवा. दोन मिनिटं काही झालं नाही की लाल. बारा तेरा ते बारा चाळीस हिची नोंद काढली. अख्खा वेळ हिरवा! ती तिथेच बसलेली, नाना. ठिपका खोटं बोलत नाही.”

मी हसलो. तीस वर्षं खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होतो मी. वेळेवर सुटलेली गाडी नोंदवहीत असते, रस्त्यावर असतेच असं नाही. एकदा आमची एक गाडी चार दिवस नोंदवहीत धावत होती. पाचव्या दिवशी मी ती ड्रायव्हरच्या सासुरवाडीत, अंगणात शोधून काढली. सासऱ्यानं आत कोंबड्या ठेवलेल्या, आणि कंडक्टर इतका इमानी की त्यानं कोंबड्यांची अर्धी तिकिटं फाडलेली!

“त्या ओळींपुढच्या वेळा वाच,” मी म्हणालो.

“बारा चौदा शून्य चार. बारा चौदा आठ. बारा. सोळा. वीस...”

“दर चार सेकंदांना?”

“हो. कार्ड सरकताना छान दिसावं म्हणून चार सेकंद लावलेत आम्ही.”

“मधे कुठे पाच? सहा?”

त्यानं खालपर्यंत बघितलं. एकदाही नाही.

“धनेशराव, एकशे त्रेचाळीस वेळा बटण दाबताना माणूस एकदा तरी नाक खाजवेल की नाही? चहा पिईल, चुकेल, कंटाळेल. हा माणसाचा हात नाही.”

धनेशचे डोळे मोठे झाले. “म्हणजे प्रोग्रॅम! कुणीतरी प्रोग्रॅम लिहून सोडला. तिच्या नावानं!” तो उभाच राहिला. “प्रोग्रॅम लिहिता येतो फक्त प्रीतमला!”

३

प्रीतम विठ्ठलवाडीहून काम करतो. फळ्यात रोज नवी सुधारणा करणारा तोच. दुसरी कृतिका, इथे खोपटला राहते. त्यानं केलेली सुधारणा चालते का ते तपासते. दोघं एकाच वेळी स्क्रीनवर आली. छातीपर्यंत माणूस, मागे भिंत. अशा उलटतपासणीत पाय दिसत नाहीत, ही मोठी अडचण. खोटं बोलणाऱ्याचे पाय आधी हलतात.

“प्रीतम, बारा ते एक कुठे होतास रे?”

“इथेच ना, नाना. सीटवरच.”

“कृतिका?”

“मी पण. ठिपका बघा ना, हिरवाच आहे.”

“बरं. मला एक सांगा, लिफ्टवाल्यांचं कार्ड ‘झालं’मध्ये गेलं की काय होतं?”

“कस्टमरला मेसेज जातो,” कृतिका म्हणाली.

“आणि?”

“आणि... आम्हा तिघांच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजतं.”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“एकशे त्रेचाळीस वेळा टिंग!” मी टेबलावर हात आपटला. “साडेनऊ मिनिटं! देवळातसुद्धा इतकी घंटा वाजत नाही. आणि तुम्ही दोघं खुर्चीवर बसून ऐकत होतात? एकानंही विचारलं नाही, अरे काय चाललंय?”

धनेश एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतोय.

शेवटी प्रीतमनं मान खाली घातली. “सर, आईचं पोळीभाजी केंद्र आहे ना खाली. बारा ते एक डब्यांची गर्दी असते. तिच्या एकटीच्यानं नाही होत. मी भरायला गेलेलो.”

“अरे, पण ठिपका हिरवा होता!”

“टेबल फॅन, सर. फॅनच्या मानेला दोरी बांधलीय, दोरीला माऊस. मान फिरली की माऊस पण फिरतो.”

मला त्या पोराला उठून मिठी मारावीशी वाटली. धनेशला वाटलं नाही.

“आणि तू गं?”

“माझं एवढं भारी नाहीये,” कृतिका पुटपुटली. “पप्पांचं काट्याचं घड्याळ. त्याच्यावर माऊस ठेवते. सेकंदकाटा फिरतो तसा माऊसला वाटतं हाललो. सर, सकाळी सहाला उठते मी. दुपारी झोप येते!”

“म्हणजे माझ्या अख्ख्या टीममध्ये हिरवा ठिपका आहे आणि माणूस नाही?” धनेश मटकन बसला. तेवढ्यात त्याला धागा सापडला आणि तो पुन्हा उठला. “पण प्रीतम, प्रोग्रॅम तूच सोडलास!”

“सर, काहीही काय!” प्रीतम आता खरंच चिडला. “मी प्रोग्रॅम लिहिला असता तर एकशे त्रेचाळीस कार्डं डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली असती. ते कार्ड सरकताना बघत बसायला प्रोग्रॅमला काय हौस आहे? चार-चार सेकंद थांबणारा प्रोग्रॅम लिहिला, तर मला कामावरून खरंच काढा.”

मी खुर्चीत ताठ झालो. पोरानं नकळत अर्धं कोडं सोडवलं होतं.

माणूस असता तर चुकला असता. प्रोग्रॅम असता तर थांबला नसता. मग उरतं काय? ज्याला थकवा नाही आणि अक्कलही नाही. जे एकदा बटणावर बसलं की उठत नाही.

“प्रीतम, कार्ड सरकवायला कुठलं बटण?”

“आधी माऊसनं ओढावं लागायचं. लोक कंटाळायचे, म्हणून आज सकाळी नवीन टाकलं. खालचं लांब बटण, स्पेस. एकदा दाबा, कार्ड ‘झालं’. लगेच पुढचं कार्ड आपोआप समोर.”

“आज सकाळी किती वाजता?”

“साडेअकरा.”

“आणि त्याआधी ते लांब बटण दाबून धरलं तर?”

“काहीच नाही व्हायचं. ठिपका हिरवा राहायचा फक्त.”

“धनेश, गाडी काढ!” मी ओरडलो. “डोंबिवली!”

४

माजिवड्याला सिग्नलनं चौदा मिनिटं खाल्ली, पण पुढे हायवे मोकळा होता. माणकोलीच्या पुलावर चढलो तेव्हा तीन वाजले होते. पूल उतरला की लगेच मोठागाव, तिथेच खाडीकडेला सुमेधाची इमारत. दार तिनंच उघडलं. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

“सर, काढायचं तर काढा. पण मी न केलेल्या कामाची कबुली देणार नाही.”

“तू काही लावून जातेस का बटणावर? फॅन, घड्याळ, काही?” धनेशनं विचारलं.

“कसलं घड्याळ?” तिला काही कळेना. “मी उलट रोज ग्रुपवर लिहून जायचे, अर्धा तास नाही म्हणून. तरी ठिपका लाल झाला की दोन मिनिटांत तुमचा फोन. शाळेच्या दारात, रस्ता ओलांडताना, एका हातात पोरीचा हात, दुसऱ्या हातात तुम्ही! मग तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही फोन करायचे थांबलात. मला वाटलं, सरांना कळलं. ग्रुपवर लिहायचं सोडलं आणि मनातल्या मनात आभार मानले तुमचे.”

धनेशचा चेहरा पडला. “मी थांबलो कारण ठिपका हिरवा राहायला लागला. मला वाटलं, तू पोरीला आणायची दुसरी सोय केलीस.”

तीन आठवडे रोज अर्धा तास ही बाई रस्त्यावर होती आणि तिचा ठिपका घरी बसून काम करत होता.

“कॉम्प्युटर बंद करून जातेस का?” मी विचारलं.

“नाही नाना. घरात असतं कोण? आई, म्हणजे सासूबाई. त्या पंख्याचं बटणसुद्धा लाटण्यानं दाबतात, शॉक बसेल म्हणून.”

“डब्याम्होरं बसून कवा नोकरी व्हते का?” स्वयंपाकघरातून आवाज आला. पाठोपाठ सासूबाई, म्हणजे ठमाबाई आल्या. सत्तरीच्या, काटक, काष्ट्याचं लुगडं, नजर अशी की खाडीतला मासा आपणहून काठावर यावा. “आमी उन्हात राबलो. ही सावलीन बसून दमतं! बसा, दादा. भाकरी खाल?”

मी भाकरीला नाही म्हणत नाही. ती येईपर्यंत मी सुमेधाच्या कीबोर्डवर वाकलो आणि हुंगलो. धनेश मला खुणावतोय, नाना, काय करताय! वरच्या बटणांना कसलाही वास नव्हता. खालच्या लांब बटणाला मात्र लसणाचा, कडक, डोळ्यात पाणी आणणारा.

भाकरी आली. सोबत सुक्या जवळ्याची चटणी. मी बोटानं चाचपली. मिरची सुरीनं चिरलेली, लसणाचे तुकडे दाताला लागतील एवढे.

“ठमाबाई, चटणी आज कुटली नाहीत?”

“येल नव्हता.”

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ओट्यावर लोखंडी खल होता. खलात बत्ता नव्हता.

“बत्ता कुठाय हो?”

ठमाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

५

“आई?” सुमेधा म्हणाली.

“हरवला.”

“मी सांगतो तो कुठे होता,” मी म्हणालो. “बारा तेराला सून चप्पल घालून बाहेर पडली. बारा चौदाला बत्ता खलातून निघाला आणि त्या लांब बटणावर आडवा झाला. तीन आठवडे रोज होतोय. तीन आठवडे कुणाचं काही बिघडलं नाही, ठिपका हिरवा राहिला, सायबाचा फोन बंद झाला. पण आज साडेअकराला प्रीतमनं त्याच बटणाला नवं काम दिलं, आणि ते बत्त्याला कुणी कळवलं नाही. बत्ता इमानदार! दर चार सेकंदांना एक लिफ्ट दुरुस्त करत गेला. कार्डं संपली तेव्हा थांबला.”

आतल्या खोलीत संचिता शाळेतली कविता पाठ करत होती.

“मग तुम्ही घाबरून बत्ता लपवलात. आणि दुपारी चटणीला सुरी घ्यावी लागली.”

ठमाबाईंनी तांब्या खाली ठेवला. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बत्ता काढून धनेशच्या समोर टेबलावर ठेवला. ठक्.

“व्हय, मी ठेवला. ही फोनवं रडतं व्हती एक दीस. दोन मिनटं बटन दाबला नाय का लाल व्हतं, लाल झाला का सायब बोलतं. तवाच मना कललं. ह्यो मुकादम हाय.”

“मुकादम?” धनेश म्हणाला.

“मिठागरावं व्हतो आमी. तानं पोर घरी रडाया लागला का आई त्याला पाजाया जाईल का नाय? पन मुकादम बांधावशी डोकी मोजायचा. एक कमी झाला का अर्धा दीस कापला. मंग आमी काय करायचो, तिचा फावरा मिठान उबा करायचो, वर तिचा डोक्याचा फरका टाकायचो. लांबशी बाईच दिसं! मुकादमाला डोकी पायजेत, दे डोकी. काम आमी वाटून करायचो.” त्यांनी धनेशकडे रोखून बघितलं. “इथं फावरा नाय, तर बत्ता. आता नोकरीवरशी काढायचा तर मना काढ. तिला हात लावू नुको.”

सुमेधाचं तोंड उघडंच. “आई, तुम्ही? तुम्ही तर रोज म्हणता, सोड ती नोकरी...”

“त्ये तोंडानं म्हनतंय.”

धनेशनं बत्ता हातात घेतला. मग हळूच म्हणाला, “माझी गोदाआजी पण मिठागरावर होती.”

“कंच्या?”

“कोलशेतच्या बाजूला.”

“मंग तुजा बाप बी असाच वाढला असंल,” ठमाबाई म्हणाल्या. “फरक्याच्या जीवावं.”

६

पाचला पाच मिनिटं कमी असताना राजरत्न साहेबांचा फोन आला. धनेशनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. सुमेधा भिंतीला टेकून उभी. तिची नोकरी आता त्या एका वाक्यात होती.

“नाव सांगा, धनेश. कुणी केलं?”

“मी, सर.”

“तुम्ही?”

“माणसं कामावर आहेत की नाहीत ते ठिपक्यावरून मोजायची कल्पना माझी. त्या ठिपक्याला फसवायला माझ्या टीमनं फॅन लावला, घड्याळ लावलं, आणि एका घरात बत्ता लागला. लिफ्ट बत्त्यानं दुरुस्त केल्या, सर. सुमेधाचा काही संबंध नाही. ती कामावर राहणार. हे चालत नसेल तर फळा घेऊ नका.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“धनेश,” राजरत्न साहेबांचा आवाज वेगळाच झालेला, “मला जरा सांगा. माझे बेचाळीस मेकॅनिक. तुमच्या फळ्यावर तीन आठवडे सगळे हिरवे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, टकाटक हिरवे. आणि माझ्या एकशे त्रेचाळीस लिफ्ट बंद! मी रोज विचार करत होतो, एवढी माणसं एवढं काम करतायत तर लिफ्ट चालत का नाहीत?”

मी तोंडावर रुमाल धरला.

“तो ठिपका काढून टाका,” ते म्हणाले. “आजच्या आज. मला कोण बसलंय ते नको, कुठली लिफ्ट चढली ते दाखवा. तसा फळा करणार असाल तर मी आहे. आणि त्या सुमेधा मॅडमना सांगा, सगळी कार्डं परत ‘बाकी’त घाला आणि लोकांना माफीचा मेसेज पाठवा.”

फोन बंद होताच सुमेधा खुर्चीवर जाऊन बसली. डोळे पुसायलाही थांबली नाही. पलीकडून प्रीतम आणि कृतिका जोडले गेले, आणि तिघांनी कार्डं वाटून घेतली. काय वेग! काय आरडाओरडा! “कासारवडवली माझं!” “पत्रीपूल कुणी घेतलं?” “अरे, ते दोनदा नको सरकवू रे!” धनेशही मांडी घालून जमिनीवर, मांडीवर लॅपटॉप, तोंडात भाकरी.

काम उरकलं तेव्हा सुमेधानं टीमच्या फळ्यावर एक नवं कार्ड टाकलं. ‘बारा ते एक: संचिताला आणणे, जेवण. फोन करू नये.’ मग धनेशकडे बघितलं. परवानगी मागत नव्हती, सांगत होती. त्यानं मान डोलावली. लगेच खाली प्रीतमचं आलं: ‘बारा ते एक: आईचे डबे.’ मग कृतिकाचं: ‘बारा ते साडेबारा: झोप. खरी.’

ठमाबाई सुनेच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. वाचता येत नव्हतं, पण विचारून घेत होत्या.

“माजं बी लिव,” त्या म्हणाल्या.

“काय लिहू, आई?”

“लिव, पावनेएक ते एक, सुनंशी भांडन.”

“भांडणाचं कार्ड?”

“मंग? तीन आटवरं तुला वाचवाया बसले, भांडाया येलच नाय गावला.”

सुमेधानं टाइप केलं. तिला हसू आवरेना आणि रडूही. “कुठे ठेवू? बाकी, चालू, की झालं?”

ठमाबाईंनी सुनेच्या डोक्यावर टपली मारली, आणि हात तिथेच ठेवला.

“चालू,” त्या म्हणाल्या. “त्ये काय संपाचं नाय.”